खरेदी करणाऱ्याचा तराजू

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २०:१४, १ करिंथ १०:२३-३३, रोम १३:७-८, याकोब ५:४



खोट्या तराजूविरुद्ध उपदेश आपण पुष्कळदा ऐकतो. वजनमापात अन्याय करू नये, अशी आज्ञा परमेश्वराने इस्राएल लोकांना दिली (लेवीय १९:३५-३६). माप लहान करून गोरगरिबांना नाडणाऱ्या व्यापाऱ्यांचा आमोस संदेष्ट्याने निषेध केला. आपल्या मंडळ्यांत दुकानदार थोडे. शिक्षक, परिचारिका, कारकून, कामगार अधिक. म्हणून हा उपदेश दुसऱ्या कोणासाठी तरी आहे, असे समजून आपण स्वस्थ बसतो. पण नीतिसूत्रे २०:१४ मध्ये जे दिसते ते गिऱ्हाईक आहे. माल घेताना ते त्याला नावे ठेवते आणि घरी परतताना सौदा कसा साधला याची बढाई मारते. तेव्हा एक तराजू आपल्याही हातात असतो. त्याच्या एका पारड्यात आपला पैसा, तर दुसऱ्यात कोणाचे तरी कष्ट असतात.

करिंथचा बाजार

करिंथच्या मंडळीपुढे हा प्रश्न निराळ्या रूपात आला. तेथील बाजारात विकले जाणारे काही मांस मूर्तींना वाहिलेल्या पशूंचे असे. ते घ्यावे की न घ्यावे? पौल दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की, बाजारातला जिन्नस खुशाल घ्यावा, चौकशी करीत बसू नये, कारण सर्व सृष्टी प्रभूचीच आहे. दुसरी ही की, कोणी ती गोष्ट नजरेस आणून दिली, तर त्याच्या विवेकाखातर खाऊ नये. प्रत्येक पुडीकडे संशयाने पाहत भीत भीत जगावे, असे पौल म्हणत नाही. परंतु एकदा कळल्यावर न कळल्यासारखे वागण्याची मुभाही तो देत नाही. आपलेच नव्हे तर दुसऱ्याचे हित पाहावे, ही त्याची कसोटी आहे.

साखर सोडलेली घरे

इंग्लंडातील ख्रिस्ती लोकांवर ही कसोटी साखरेच्या निमित्ताने आली. इ. स. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव पार्लमेंटने फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक पत्रक काढले. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या श्रमाने पिकते; ती विकत घेणाराही त्या पापाचा वाटेकरी आहे, असे त्याचे म्हणणे होते. आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली तर एक मनुष्य गुलामगिरीतून किंवा मरणातून वाचेल, असा हिशेबही त्याने मांडला. सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली, असा अंदाज थॉमस क्लार्कसन यांनी नमूद केला आहे.

इ. स. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे आणि ज्यांच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला, ते विल्यम केरी आपल्याला परिचित आहेत. हिंदुस्थानात येण्यापूर्वी १७९२ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी या साखर सोडणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख केला, आणि त्यातून वाचलेले पैसे सुवार्तेच्या कामाला द्यावेत असे सुचवले.

केवळ साखर सोडल्याने गुलामगिरी गेली नाही. १८०७ व १८३३ चे कायदे होण्यास पुष्कळांना दीर्घकाळ झटावे लागले. पण ज्यांनी आपल्या चहाच्या पेल्यापासून आरंभ केला, त्यांना दुसऱ्यांपुढे बोलण्याचे धैर्य आले.

आपला बाजार

आता आपल्या घराकडे पाहू. महिन्याच्या पहिल्या तारखेला रोख पैसे घेऊन आपण मोठ्या दुकानात जातो, कारण तेथे चार पैसे सूट मिळते. पंचवीस तारखेनंतर हात आखडला की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे जाऊन वहीवर मांडायला सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांची चूल अशा वहीवर पेटली. पुढे पगार सुरू झाले, तरी रोकड दुसरीकडे गेली आणि वहीतला आकडा तसाच राहिला. आमच्या घरीही हे घडले. मोठ्या दुकानाच्या पिशव्या त्या गृहस्थाला दिसू नयेत म्हणून आम्ही रिक्षा मागच्या गल्लीने नेली. त्या दिवशी आमचा विवेक पौलाचे पत्र न उघडताच बोलत होता. शेवटी बाकी फेडली, तेव्हा त्यांनी काही न बोलता वहीवर रेघ ओढली आणि मुलांची विचारपूस केली.

मोठ्या दुकानात जाणे पाप नव्हे. तुटपुंज्या मिळकतीत मुलाबाळांचे पोट भरणाऱ्या भगिनीला स्वस्त माल हा आधार असतो. तिला महाग घेण्याचा उपदेश करणे हे परूश्यांचे काम होईल. पण मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारे आपण, उन्हात बसलेल्या भाजीवाल्या मावशींशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत का घालतो? घरपोच माल आणणारा मुलगा पावसात थोडा उशिरा आला, तर त्याच्यावर का ओरडतो? आणि दुकानदाराची जात वा धर्म पाहून पाऊल मागे घेतो, तेव्हा ज्याने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले त्या प्रभूला आपण काय उत्तर देणार?

दुकान निवडून न सुटणारा प्रश्न

काही गोष्टी दुकान बदलून बदलत नाहीत. आमच्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. दर हंगामात बीडकडील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन महाराष्ट्राच्या व इकडच्या फडांत ऊस तोडायला येतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव! कापणी करणाऱ्यांच्या मजुरीविषयी याकोब जे लिहितो, ते वाचताना ही माणसे डोळ्यांपुढे येतात. कोणती साखर कोणाच्या घामाची हे दुकानातल्या पोत्यावर लिहिलेले नसते. तेव्हा आभार मानून ती घ्यावी. पण त्यांच्या पालांपर्यंत जाऊन मुलांच्या शाळेची व आजाऱ्यांच्या औषधाची विचारपूस करणे मंडळीला अशक्य नाही. आम्हांला हे ठाऊक नव्हते, असे आता आपल्याला म्हणता येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या नावावर कोणाच्या वहीत बाकी आहे काय? ती कधी फेडणार?
२. आपण कोणाशी घासाघीस करतो आणि कोणाशी करीत नाही? का?
३. आपल्या परिसरातील कष्टकऱ्यांसाठी मंडळी या वर्षी कोणते एक काम हाती घेईल?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हातातील तराजू तू पाहतोस. आमचे देणे फेडण्याची बुद्धी आणि ज्यांच्या श्रमावर आम्ही जेवतो त्यांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.