संगणकाचा मुखत्यार

कचेरीत आपल्या वतीने काम पाहणाऱ्यास मुखत्यार म्हणतात. इंटरनेटवर हेच काम प्रॉक्सी सर्व्हर करतो. आपण मागितलेले पान तो आणून देतो. समोरच्या संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो त्याचा.

ग्रंथालयांनी वर्गणी भरलेली कित्येक नियतकालिके संस्थेच्या पत्त्यावरून आलेल्या वाचकालाच उघडतात. संस्थेने प्रॉक्सीची सोय दिली असेल, तर ती घरूनही वाचता येतात. घरात पुस्तकांचे कपाट नसलेल्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या माझ्यासारखीला या सोयीचे मोल फार आहे.

परंतु सगळाच व्यवहार मुखत्याराच्या हाती का द्यावा? बँकेच्या कामाला, भावाच्या पत्राला ती वाट कशाला? याकरिता १९९६ साली नेटस्केप कंपनीने नियमांची फाइल आणली. तिला पॅक फाइल म्हणतात. ती जावास्क्रिप्ट भाषेत लिहितात. संकेतस्थळ ग्रंथालयाच्या यादीतले असेल तर उत्तर ‘प्रॉक्सी’, पुढे सर्व्हरचे नाव व पोर्ट क्रमांक. नसेल तर ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट. फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये या फाइलचा पत्ता दिला की ब्राउझर त्याप्रमाणे वाट निवडतो.

क्रमाला मात्र महत्त्व आहे. वरून वाचताना जो नियम प्रथम लागू पडतो, तेथेच निकाल होतो. म्हणून विशेष नियम आधी, सर्वसाधारण शेवटी. शिवाय कुलूपबंद एचटीटीपीएस पानांतील मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नसला, तरी आपण कोणत्या संकेतस्थळी गेलो हे त्याला सहसा कळते.

सारांश, मुखत्यारपत्रात कोणते काम सोपविले हे जसे नीट पाहावे, तसेच येथेही पाहावे.