घर नक्की कुणाचं? (दासबोध, दशक १, समास १०)

आज पहिल्या दशकाचा शेवटचा समास. त्याचं नाव नरदेहस्तवन, म्हणजे मुख्य विषय माणसाच्या देहाचा. देह किती मोलाचा हे सांगता सांगता समर्थ मध्येच घरावर येतात आणि एक लांबलचक यादी देतात. माणूस म्हणतो घर माझं. पण त्याच घराला उंदीरही आपलं म्हणतात, पाली म्हणतात, माश्या, कोळी, मुंगळे, मुंग्या, विंचू, साप, झुरळं, मांजरं, कुत्री, वाळवी, ढेकूण, पिसवा... यादी संपतच नाही. किड्यामुंग्यांनंतर गुरं येतात, दासी, घरची माणसं, पाहुणे, मित्र, गावकरी. आणि शेवटी चोर, राजसत्तेची माणसं आणि आग. आगीचंही म्हणणं तेच, की घर माझं. फक्त तिला ते जाळायचं असतं.

लहानपणी साताऱ्याला आजी हा समास वाचायची तेव्हा ढेकणांपाशी आम्ही भावंडं हसायचो. तीही हसायची. या आठवड्यात मात्र वेगळं वाटलं, कारण शुक्रवारी आमच्या पहिल्या घराची नोंदणी आहे. आणि मूर्ख माणूसच ‘माझं माझं’ म्हणतो, असं समर्थ इथे स्पष्ट सांगतात.

मग घर घेऊच नये का? असा अर्थ काढणं सोपं आहे आणि काही जण काढतातही. मला तो पटत नाही. हेच समर्थ बाराव्या दशकाच्या सुरुवातीलाच आधी प्रपंच नीट करा, मग परमार्थाचा विवेक करा, असं सांगतात. स्वतः बोहल्यावरून निघून गेलेला माणूस घराला इतकी ओळींवर ओळी देतो, ती घरातला भिंतीच्या फटीतला जीवही त्याने पाहिलेला असतो म्हणून. मला ही यादी घर घेणाऱ्याने करायच्या चौकशीची यादी वाटते: माझं म्हणण्याआधी इथे आणखी कुणाकुणाचा हक्क आहे ते बघ.

आम्ही तशी चौकशी केली. सांगलीत राहणाऱ्याला या यादीत एक नाव स्वतःच्या हाताने घालावं लागतं. कृष्णा.

आमचं बजेट तोकडं. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, मी मिरजेत एका लॅबमध्ये, दोघांचे मिळून त्रेपन्न हजार. एजंटने पहिलं दाखवलं ते नदीकडच्या भागातलं, दोन बेडरूमचं, बावीस लाखांचं. प्रशस्त, हवेशीर, देवघराला वेगळा कोनाडा. मी मनातल्या मनात समर्थांचा फोटो तिथे लावूनही टाकला होता. जिना उतरताना भिंतीवर एक फिकट मातकट रेघ दिसली. शेजारच्या काकूंना विचारलं. “एकोणीसची,” त्या म्हणाल्या, “एकवीसची जरा खाली आहे, रंगाखाली गेली.” एजंट म्हणाला, तसा पूर पुन्हा पुन्हा येत नसतो.

पण येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशीच्या पुढे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना “जेवलास का”च्या आधी “पाणी किती फुटांवर?” विचारतो. माझा नवरा मला चिडवतो की हे सगळं तुझ्या माहेरचं पाणी. खोटं नाही. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना मिळते आणि साताऱ्याचा सगळा पाऊस खाली सांगलीच्या दारात येतो. समर्थांना या नदीची पुरेपूर ओळख होती. त्यांच्या अकरा मारुतींपैकी बहे-बोरगावचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. मारुतीला चालतं. आम्हाला हप्ते भरायचेत.

तुमच्यापैकी कुणी नदीकाठच्या गावात घर बघत असेल तर पूररेषा आधी विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. लाल आणि निळ्याच्या मध्ये असाल तर अटी काय आहेत ते नीट बघा. एजंटपेक्षा जिन्यातल्या काकू जास्त खरं सांगतात, हे माझं मत.

शेवटी विश्रामबागच्या बाजूला एक बेडरूमचा जुना फ्लॅट ठरवला. चोवीस लाख. खोली कमी आणि दोन लाख जास्त, हे दोन्ही घरच्यांना समजावताना तोंडाला फेस आला.

आता बँक. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात. मुद्दलात फक्त ३,१८९. दहा वर्षं नेमाने भरले तरी चौदा लाख शिल्लक राहतात! म्हणजे मुदतीचा अर्धा रस्ता संपला, तरी दोन तृतीयांशांहून जास्त कर्ज उभंच. मला हे आकडे पहिल्यांदा कळले तेव्हा समर्थांची यादी विनोदी वाटायची थांबली. वाळवी निदान दिसते तरी.

तिसऱ्या दशकाच्या चौथ्या समासात कर्जाचा एक प्रसंग आहे. माणूस रीण काढतो, थाट करतो, लोक म्हणतात वाडवडिलांचं नाव राखलं. मग देणेकरी वेढा घालतात आणि त्याला घर सोडून परदेशी जावं लागतं. त्यात कर्जाहून ‘लोक म्हणतात’ हा भाग जास्त टोचतो. आम्हालाही सुचवणारे होतेच. आणखी पाच लाख काढा, मॉड्युलर किचन करा, वास्तुशांतीला दोनशे पानं होऊ द्या. आम्ही वास्तुशांत घरातल्या घरात करणार आहोत.

मदतीच्या गोष्टीही सांगते, उपयोगी पडतील. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ते आणि मुद्रांक शुल्क हाताशी वेगळं ठेवा, बँक सहसा ते कर्जात धरत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भाग २.० मध्ये, देशात कुठेच पक्कं घर नसलेल्या आणि वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजावर अनुदान मिळू शकतं. घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं. एकूण अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. आम्ही अर्ज केलाय. मिळालं तर प्रसाद, नाही मिळालं तर हिशेब त्याच्याशिवायच मांडलेला आहे.

आणि एक सवलत अशी, की तिने आमच्या घरात खरी चर्चा सुरू केली. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवरा-बायको दोघांचं नाव लावलं की ती मिळत नाही. चोवीस लाखांवर चोवीस हजार वाचतात. आमच्यासाठी तो जवळपास दीड हप्ता. (सहमालक नसलेल्या नवऱ्याला व्याजाची करवजावट मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आम्हाला तसाही त्याचा फरक पडत नव्हता.)

नवरा लगेच म्हणाला, तुझ्या नावावर घेऊ. सासरे गप्प राहिले. सासूबाईंनी जरा वेळाने विचारलं, “आणि मग ह्याचं काय?” प्रश्नात राग नव्हता, भीती होती. त्यांच्या सगळ्या आयुष्यात घर बाईच्या नावावर असल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या आजीनेही नाही. साताऱ्याचं घर आधी आजोबांच्या नावावर होतं, मग मुलांच्या. आजीने त्या घरात साठ वर्षं पोतेरं फिरवलं आणि उताऱ्यावर तिचं नाव एकदाही आलं नाही.

म्हणून या समासातल्या मूर्खापाशी मी अडते. ‘माझं माझं’ म्हणणारा तो माणूस घराचा मालक आहे. त्याला हे सोड म्हणून सांगता येतं. यादीत बायका असल्याच तर ‘घरची माणसं’ आणि ‘दासी’ या दोन शब्दांत. जिचं कधी काही नव्हतंच, तिने कशावरचं ‘माझं’ सोडायचं? पोथीला मी उलट बोलत नाहीये. वाचताना खरंच पडलेला प्रश्न आहे, आणि समर्थांपुढे प्रश्न लपवायचा नसतो. मला इतकं उमगलं की सोडण्यासाठी आधी हातात काहीतरी असावं लागतं. सासूबाईंना मी सांगितलं, “आई, कागदावर माझं नाव, कर्जात दोघांचं, आणि किल्ल्या तीन. एक तुमच्याकडे.” त्या म्हणाल्या, “तिसरी कशाला? मी काय तिथे झोपायला येणारे?” पण किल्ली त्यांनी कुठल्या खिळ्याला अडकवायची ते ठरवून ठेवलंय.

समासात पुढे घरं मोडतात, गाव ओस पडतं आणि तिथे रानातली जनावरं राहायला येतात. मग तीच यादी समर्थ देहाला लावतात: डोक्यात उवा, पोटात जंत. देह तरी आपला कुठे, असा त्यांचा रोख. हा भाग तुम्ही स्वतः वाचा, शक्यतो जेवणाआधी नको.

उद्यापासून दुसरा दशक, पहिला समास, मूर्खलक्षण. शुक्रवारचं पोस्ट दुपारी उशिरा येईल, नोंदणी कार्यालयात टोकन सकाळचं आहे आणि तिथे किती वेळ लागेल ते रामच जाणे.

जय जय रघुवीर समर्थ!