चित्र कोठून सुचते?

चित्रकलेच्या तासास फळ्यावर ‘माझा गाव’ असा विषय लिहून दिला, म्हणजे पाऊण तासाने जमा होणाऱ्या कागदांवर काय असणार, हे आम्हांस आता न पाहताच सांगता येते. दोन डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठी एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड, आणि आकाशात ४ च्या आकड्यासारखे उडणारे पक्षी! ज्याच्या गावास डोंगर नाही, नदी नाही आणि नारळ ज्याने केवळ वाण्याच्या दुकानात पाहिला आहे, अशा मुलाच्या कागदावरही हेच चित्र. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले: ‘सर, दुसरे काही सुचत नाही.’

या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला. ‘सुचणे’ म्हणजे आकाशातून वीज पडावी तसे काहीतरी आहे, ते काही भाग्यवंतांच्याच डोक्यावर पडते, इतरांनी वाट पाहण्यात अर्थ नाही, असा मुलांचा समज झालेला दिसतो. पालकांचा समजही याहून फारसा निराळा नाही. ‘आमच्या मुलीच्या हातात कला नाही, मग तो तास गणितास का देत नाही?’ असा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकावा लागतो. हा समज खरा की खोटा, हे ठरविण्याचा सरळ मार्ग एकच. ज्यांनी आयुष्यभर चित्रे काढली, त्यांनाच विचारावे. आपल्या व आपल्या आईबापांच्या काळात कीर्ती मिळविलेल्या अनेक चित्रकारांनी आपणांस चित्रे कशी सुचली, आपण काम कसे करतो, हे स्वतः सांगून ठेविले आहे. त्यांपैकी पाच जणांचे म्हणणे येथे क्रमाने पाहू.

प्रथम सय्यद हैदर रझा यांची गोष्ट घेऊ, कारण ती शाळेतलीच आहे. रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, नर्मदेच्या जंगलात झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. मुलगा मोठा चंचल. अभ्यासात त्याचे चित्त म्हणून लागेना. तेव्हा खेड्यातील प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्या ठिपक्याकडे पाहत स्वस्थ बसण्यास त्याला सांगितले. शिक्षा म्हणावी, तर ती शिक्षा नव्हती; धडा म्हणावा, तर पुस्तकात असा धडा नव्हता. पुढे हा मुलगा नागपूरच्या व नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, १९५० साली पॅरिसला गेला आणि तेथे जवळजवळ साठ वर्षे राहिला. परंतु पन्नाशी उलटल्यावर त्याच्या चित्रांच्या मध्यभागी जो मोठा काळा वर्तुळाकार ‘बिंदू’ येऊन बसला, आणि ज्याने त्याचे नाव जगभर झाले, त्याचा उगम आपण त्या शाळेच्या भिंतीवरच पाहिला होता, असे रझा सदैव कृतज्ञतेने सांगत. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना विसावा देण्यात आला. ठिपका तर त्या वर्गातील सर्वच मुलांना दिसत असेल. एकाने तो विसरला नाही. आमच्या मते येथे सुचण्याचे पहिले सूत्र सापडते. जे सुचते ते बहुधा पूर्वी कधीतरी स्थिर चित्ताने पाहिलेले असते.

त्याच मुलखातील, पाटणगढ या गोंड वस्तीतील दुसरे चित्रकार म्हणजे भज्जू श्याम. यांचा जन्म १९७१ सालचा. घरची गरिबी, त्यामुळे कोवळ्या वयातच पोटासाठी भोपाळला यावे लागले. तेथे त्यांनी रात्रीच्या पहारेकऱ्याचेही काम केले. नात्याने काका लागणारे जनगढ सिंह श्याम हे त्या वेळी भोपाळात गोंड चित्रकार म्हणून नावारूपास आले होते. त्यांनी या मुलास हाताशी घेतले. आरंभी काम कोणते? तर काकांनी काढलेल्या आकृतींच्या आत बारीक रेषा व ठिपके भरण्याचे. गोंड चित्रांत प्रत्येक चित्रकाराची भरणीची नक्षी स्वतंत्र असते आणि तीच त्याची सही होय. ती नक्षी हाती येईपर्यंत दुसऱ्याच्या आकृती भरीत बसावे लागते.

पुढे या शतकाच्या आरंभी लंडनमधील एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्याचे काम भज्जू श्याम यांना मिळाले. इंग्रजी येत नाही, अशा स्थितीत ते तेथे सुमारे दोन महिने राहिले. परत आल्यावर त्यांनी जे पाहिले ते चितारले, आणि त्याचे पुस्तक २००४ साली चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनाने काढले. त्यातील लंडन मोठे नवलाचे आहे. जमिनीखालून धावणारी आगगाडी त्यांनी गांडुळाच्या रूपाने दाखविली, कारण भूमीच्या पोटातील राज्य गांडुळाचे. बिग बेनच्या प्रचंड घड्याळास त्यांनी कोंबड्याशी जोडले, कारण त्यांच्या गावी वेळ सांगण्याचे काम कोंबडाच करतो. रोज कामावर नेणारी ३० क्रमांकाची बस म्हणजे इमानी कुत्रा. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती. एवढे धूड उडावे कसे! दिवसा मुकाट्याने काम करणारे आणि सायंकाळ होताच मद्यगृहांत गजबजून जाणारे इंग्रज लोक, म्हणजे झाडावरची वटवाघळे.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. लंडनची छायाचित्रे समोर ठेवून एखाद्याने हुबेहूब घड्याळ काढले असते, तर ते चित्र कोणी पाहिले असते काय? भज्जू श्याम यांनी परक्या शहरात आपले गाव बरोबर नेले. कोंबडा, गांडूळ, कुत्रा ही त्यांची शिदोरी होती, आणि ती त्यांना पुरली. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, ती या शिदोरीलाच दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. डहाणू भागातील वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर देवचौक लिहिण्याची चाल आहे. कूड शेणामातीने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवासिनी हा चौक काढतात. हे काम परंपरेने स्त्रियांचे. अशा समाजात १९३४ साली जन्मलेले जिव्या सोमा म्हसे हे लहानपणीच आईस मुकले. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले. जे सांगावयाचे ते तो धुळीत रेघोट्या काढून सांगे. पुढे वाणी परत आली, परंतु हात थांबला नाही. लग्नकार्य असो वा नसो, ते रोज चित्रे काढू लागले. १९७० नंतरच्या वर्षांत या चित्रांना कागद मिळाला, आणि गंजाड गावचे जिव्या म्हसे देशोदेशी पोहोचले. त्यांच्या चित्रांत माणूस म्हणजे टोकाशी टोक भिडविलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ, आणि काडीसारखे हातपाय. इतके सोपे, की पहिलीतल्या मुलासही जमावे. पण त्या त्रिकोणांकडे नीट पाहा. कोणी भात लावतो आहे, कोणी जाळे ओढतो आहे, कोणी तारप्याभोवती फेर धरून नाचतो आहे, मुंग्यांची रांग चालली आहे. एकही आकृती स्वस्थ उभी नाही. जीवन म्हणजे हालचाल. माणूस, पाखरू, किडा, सर्व रात्रंदिवस हलत असतात, असा म्हसे यांच्या सांगण्याचा आशय होता. २०११ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. साधन किती थोडे असले तरी चालते आणि पाहणे किती बारीक असावे लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

येथवर जंगल व शेते झाली. परंतु आमचे बरेचसे विद्यार्थी चाळींत व शहरांत राहतात. ‘आमच्या गल्लीत काढण्याजोगे आहे काय?’ असे ते विचारतील. त्यांनी सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण पाहावे. पटवर्धनांचा जन्म १९४९ साली पुण्यास झाला. ते वैद्यकशास्त्राचे पदवीधर. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते स्वाध्यायाने चित्रकला शिकले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ठाण्यास त्यांनी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून रोजचा व्यवसाय केला आणि उरलेल्या वेळात चित्रे काढली. दिवसभर ज्यांच्या हाडांची छायाचित्रे घ्यावयाची, तीच माणसे रस्त्यावर, पुलावर, आगगाडीच्या डब्यात त्यांना दिसत. त्यांच्या चित्रांचे विषय पाहा: इराण्याच्या दुकानात टेबलाशी बसलेला माणूस, रेल्वेचा पादचारी पूल, लोकलमधील गर्दी, गिरण्या बंद पडून पालटत चाललेले लोअर परळ, ठाण्याभोवती उठणाऱ्या वसाहती. यांत एकही डोंगरातून उगवणारा सूर्य नाही!

पटवर्धन सांगतात की, ज्यांची चित्रे आपण काढतो, त्यांना त्या चित्रांत स्वतःची ओळख पटावी, अशी आपली इच्छा असते. या म्हणण्यात आम्हांस मोठे सौजन्य दिसते. रस्त्यावरचा दमलेला कामगार हा केवळ ‘विषय’ नव्हे. तो उद्या चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक आहे, आणि त्याच्याविषयी खोटे लिहिता येत नाही, तसे खोटे चितारताही येत नाही. ते बाहेर हिंडून टिपणे व रेखाटने करतात, मग चित्रशाळेत बसून त्यांची जुळणी करतात. एका चित्रात अनेक ठिकाणी, अनेक वेळी पाहिलेले एकत्र येते. चित्र ‘सुचले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे असे पुष्कळ दिवसांचे हिंडणे असते.

शेवटचे नाव प्रभाकर बरवे यांचे. १९३६ साली अलिबागजवळील नागाव येथे जन्मलेले बरवे जे. जे. कलाशाळेत शिकले व पुढे वीस वर्षांहून अधिक काळ विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते. कापडाच्या नक्षीचे आराखडे करणे हे तेथील काम; आरंभीची काही वर्षे ती नोकरी काशीस होती. बरवे यांच्या चित्रांत मोठे प्रसंग नाहीत. एक पान, एक शिंपला, घड्याळ, पाकीट, फळ, ढग, अशा क्षुल्लक वस्तू मोकळ्या जागेत शांतपणे ठेविलेल्या असतात. रोजच्या उपयोगातून सोडविलेली वस्तू आपल्याशी निराळेच बोलू लागते, हा त्यांचा अनुभव. आणि तो त्यांनी नुसता चितारला नाही, तर लिहिलाही. विद्यार्थिदशेनंतर थोड्याच काळात त्यांनी रोजनिश्या ठेवण्यास आरंभ केला, आणि १९९५ साली निधन होईपर्यंत तो क्रम चालू ठेविला. त्यांत रेखाटनांशेजारी विचार, विचारांशेजारी शंका. या चिंतनातूनच ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे मराठी पुस्तक सिद्ध झाले. कोऱ्या कागदापुढे आपण भितो, तसे थोर चित्रकारही थबकतात. भेद इतकाच, की त्यांच्या खिशात भरलेली वही असते.

आता या पाच जणांचे म्हणणे एकत्र करून पाहू. एक जंगलातला, एक पहारेकरी, एक धुळीत रेघोट्या ओढणारा, एक डॉक्टर, एक नोकरदार. त्यांच्या चित्रांत साम्य जवळजवळ नाही. परंतु कामाच्या रीतीत तीन गोष्टी सर्वांच्या सारख्या आहेत. पहिली, त्यांनी आपल्याच दारासमोरचे पाहिले आणि ते पाहण्याची लाज धरिली नाही. दुसरी, त्यांनी रोज काम केले. मन लागो वा न लागो, हात चालू ठेविला. तिसरी, ते कोणापासून तरी शिकले. गुरुजींचा ठिपका, काकांच्या आकृती, सवासिनींचा चौक, थोर चित्रकारांची कामे, कलाशाळेतील धडे. म्हणून नक्कल करणे हे सर्वस्वी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. भज्जू श्याम यांनीही आधी दुसऱ्याच्याच आकृती भरल्या. नक्कल ही पायरी आहे. पायरीवरच बिऱ्हाड करू नये, एवढेच.

पालकांस आमची विनंती आहे. आपल्या मुलाने घराच्या जिन्याचे, नळावरच्या रांगेचे किंवा आजीच्या चष्म्याचे चित्र काढून आणले, तर ‘हे काय काढलेस? काही चांगले काढ’ असे म्हणू नये. त्या एका वाक्याने मूल पुन्हा दोन डोंगरांकडे वळते, आणि आपले घर चित्रात घेण्याच्या योग्यतेचे नाही, अशी त्याची खूणगाठ बसते. ही हानी चित्रकलेच्या गुणांत मोजता येत नाही. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यास आपली गल्ली नीट पाहता आली, तो पुढे डॉक्टर झाला तरी रोगी नीट पाहील. परमेश्वराने डोळे सर्वांस दिले आहेत. पुरून ठेविलेल्या देणगीचा हिशेब देणे कठीण जाते, हे बायबलातील दाखल्यावरून आपण जाणतोच.

विद्यार्थ्यांस सुटीतील अभ्यास पुढीलप्रमाणे:

१. घरातील एकच वस्तू, तांब्या, कुलूप किंवा चप्पल, सात दिवस रोज काढावी. सातही कागद जपून ठेवावेत व पहिला आणि सातवा शेजारी ठेवून पाहावेत.

२. खिशात मावेल अशी एक वही करावी. रोज पाहिलेली एक गोष्ट तीत चार रेषांनी व दोन ओळींनी टिपावी.

३. आपल्या दारात उभे राहून जे दिसते तेवढेच काढावे. मोबाइलवरील चित्र समोर ठेवू नये.

सुटीनंतरच्या पहिल्या तासास फळ्यावर पुन्हा ‘माझा गाव’ हाच विषय असेल. त्या दिवशी कोणतेही दोन कागद सारखे निघू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे. आणि ज्याच्या गावी खरोखरच दोन डोंगर व नारळाचे झाड असेल, त्याने ते खुशाल काढावे. मात्र आधी एकदा बाहेर जाऊन नीट पाहून यावे.