मुक्त सॉफ्टवेअर : प्रकाशनापूर्वीची शिस्त



ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. जगभरचे अनेक लोक त्यात एकाच वेळी बदल करत असतात. मग नवी आवृत्ती वेळेवर कशी निघते? ठरलेल्या दिवशी नव्या बदलांचे दार बंद केले जाते म्हणून. याला इंग्रजीत 'फ्रीझ' म्हणतात. आपण 'बदलबंदी' म्हणू.

काचीगुडा स्थानकावर असेच काहीसे रोज घडते. गाडी सुटण्याच्या काही तास आधी आरक्षणाचा चार्ट तयार होतो. त्यानंतर फेरफार मोजकेच, कारण त्या यादीवर प्रवासी आणि तिकीट तपासनीस दोघेही विसंबून असतात.

लिनक्सची पद्धत

लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिले २ आठवडे नवी कामे स्वीकारली जातात. पुढे फक्त चुका दुरुस्त करायच्या. दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते. सातव्या किंवा आठव्या चाचणीनंतर बहुधा अंतिम आवृत्ती जाहीर होते. बदलांची नोंद ठेवण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' तयार केले. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यात कळते. बंदीच्या काळात कोणाला नवे काम सुरू ठेवायचे असेल, तर ते वेगळ्या 'शाखेत' ठेवता येते. मुख्य कामाला धक्का लागत नाही.

ग्नोम आणि मराठी

लिनक्सच्या पडद्यावरील खिडक्या, मेनू, बटणे पुरवणारा एक प्रकल्प म्हणजे ग्नोम. त्याची आवृत्ती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. तेथे बंदी टप्प्याटप्प्याने लागते : आधी नव्या सोयी थांबतात, मग पडद्यावरचा मजकूर गोठवला जातो आणि शेवटी कोडमधील प्रत्येक बदलाला परवानगी लागते.

यातला मजकुराचा टप्पा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. समजा, 'ओपन फाइल' या इंग्रजी ओळीसमोर कोणी 'फाइल उघडा' असे भाषांतर लिहिले. शेवटच्या दिवशी प्रोग्रामरने ती ओळ 'ओपन ए फाइल' अशी केली. बदल एका अक्षराचा. पण संगणकाला जुनी जोडी सापडत नाही. ते भाषांतर 'तपासणे बाकी' ठरते आणि मराठी पडद्यावर मध्येच इंग्रजी ओळ उमटते. जिथे स्वयंसेवक पुष्कळ, तिथे ती एका रात्रीत भरून निघेल. जिथे मोजकेच लोक नोकरी सांभाळून हे काम करतात, तिथे ती पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहू शकते.

हिंदीचे भाषांतर उसने घ्यावे, तर तेही जमत नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून हे चटकन जाणवते. लिपी एकच, पण तिकडे 'सहेजें', इकडे 'जतन करा'. मराठीचे काम मराठी माणसालाच करावे लागते आणि त्याला त्यासाठी वेळ मिळावा लागतो. बदलबंदी तो वेळ राखून ठेवते. म्हणून त्या काळात मजकूर बदलायचाच असेल, तर भाषांतर करणाऱ्यांना आधी विचारावे लागते.

लक्षात ठेवा : आपल्याला सुचलेली सुधारणा चांगली असेलही, पण आपल्यामागून काम करणाऱ्याचे श्रम ती वाया घालवणार असेल, तर तिने पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी.

स्वाध्याय

१. वर्गाचे हस्तलिखित काढताना मजकूर, चित्रे आणि शुद्धलेखन यांसाठी बंदीच्या तीन वेगळ्या तारखा ठरवा.
२. बंदीनंतरच्या बदलाला परवानगी कोण देईल, ते लिहा.
३. प्रत्येक बदलाची तारीख, नाव आणि कारण वहीत नोंदवा.
४. संगणकाच्या मेनूतील दहा इंग्रजी शब्दांना, घरी आजीलाही कळतील असे मराठी शब्द शोधा.