सोर्स कोडची मांडणी



अनेक राउटरांत लिनक्स असते. असे लिनक्स बसविण्याचे शिक्षण पुण्याच्या सी-डॅकमध्ये मिळते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांनी त्याआधी डिरेक्टरीची मांडणी शिकावी.

मुख्य डिरेक्टरीत पाच कप्पे करावेत : मूळ टार फायली, सोर्स (यू-बूट, कर्नल, बिझीबॉक्स), बिल्ड, कॉन्फिग आणि रूट फाइलसिस्टिम. कर्नल बांधताना 'मेक ओ=' पुढे बिल्डचा मार्ग द्यावा; सोर्स स्वच्छ राहतो.

आम्ही सारे एकाच ठिकाणी ठेवले होते. 'मेक एमआरप्रॉपर' देताच कर्नलची 'डॉट कॉन्फिग' फाइल पुसली गेली. आठवड्याची मेहनत वाया गेली. म्हणून तिची प्रत कॉन्फिग कप्प्यात ठेवावी. बँकेत आम्ही खतावणी लिहितो, पण मूळ व्हाउचर जपून वेगळे ठेवतो. येथेही तोच नियम पाळावा.