स्वेच्छेचे बंधन : व्रत, पाणी आणि स्वातंत्र्य

आपल्या परंपरेत व्रताला मोठे स्थान आहे. व्रत म्हणजे मनुष्याने स्वतः होऊन स्वीकारलेला नियम होय. एकादशीच्या दिवशी घरात धान्य असते, चूल पेटविण्यास कोणाची मनाई नसते, तरीही भाविक उपवास करतो. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मद्य व मांस सोडतो. त्याच्यामागे कोणी शिपाई उभा नसतो. हा नियम त्याने स्वतः निवडलेला असतो, म्हणून त्या नियमाने तो बांधला जात नाही, उलट स्वतःच्या मनाचा धनी होतो. स्वातंत्र्याचा हा अर्थ आज मराठवाड्यातील भाविकाने पाण्याच्या संदर्भात समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

माझे शेत, माझे पाणी

‘शेत माझे, पैसा माझा, मग बोअर किती खोल घ्यावी हे दुसऱ्याने का सांगावे?’ असा प्रश्न गावोगावी विचारला जातो. हा प्रश्न अगदीच निराधार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क मानला गेला आहे. परंतु पाण्याला सातबारा ठाऊक नसतो. मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा पाणी शोषून घेत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत जेवढे मुरते तेवढाच साठा असतो, आणि एकच भेग अनेक शेतांखालून जाते. एकाने खोल उपसा केला की शेजारच्याची विहीर आटते. मग शेजारीही कर्ज काढून अधिक खोल जातो. दोघेही आपापल्या जागी स्वतंत्र असतात आणि शेवटी दोघांच्याही हाती कोरडे भोक उरते.

लातूरचा धडा

याचा परिणाम फार दूर जाऊन पाहावयास नको. पावसाच्या सलग तुटीनंतर लातूर शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, म्हणून कलम १४४ अन्वये जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पाऊस कमी पडला हे खरेच. परंतु ज्या पट्ट्यात पाण्याची अशी टंचाई, त्याच पट्ट्यात उसासारख्या तहानलेल्या पिकाचे क्षेत्र वाढत गेले होते, हेही तितकेच खरे. ज्या समाजाने स्वतः होऊन मर्यादा घातली नाही, त्याला अखेरीस घागर घेऊन उभे राहण्याचेही स्वातंत्र्य उरले नाही.

हिवरे बाजारचे व्रत

याउलट उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे आहे. तेथे वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. नांदेड जिल्ह्याची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचले, अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले आणि श्रमदानातून डोंगरावर सलग समतल चर, झाडे व बंधारे झाले.

परंतु चर आणि बंधारे इतर अनेक गावांतही झाले आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या निर्णयात आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी हे नियम ग्रामसभेने स्वीकारले. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस व केळी यांसारखी अधिक पाण्याची पिके घ्यावयाची नाहीत, असे ठरले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसांचे पिणे, मग जनावरे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची, हा क्रम असतो.

या नियमांची किंमतही होती. ज्याच्या विहिरीला पाणी होते त्याने उसाचा पैसा सोडला. ज्याच्या शेळ्या डोंगरावर मोकळ्या चरत, त्याला गवत कापून आणावे लागले. तरीही नियम टिकले, कारण ते गावानेच ठरविले होते आणि श्रीमंत-गरीब सर्वांना सारखेच लागू होते. कालांतराने बाहेर गेलेली अनेक कुटुंबे गावी परतली. आपल्या गावी राहून आपल्या शेतात कष्ट करण्याचे स्वातंत्र्य त्यांना या बंधनानेच परत दिले.

कायदा आणि निष्ठा

कायदा नाही असे नाही. राज्याच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला आणि २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल नव्या विहिरींना शेती व उद्योगासाठी प्रतिबंध केला. तरीही रात्रीतून बोअरची गाडी येते आणि पहाटे निघून जाते. प्रत्येक शेतावर पहारा ठेवणे कोणत्याही शासनास शक्य नाही. जेथे पहारा नसतो तेथे माणसाची निष्ठाच उपयोगी पडते. उपवासाच्या दिवशी बंद खोलीतही जो अन्नाला शिवत नाही, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

भाविकांनी घ्यावयाचे नियम

भोकर परिसरातील, तसेच येथून माहूर व अन्य क्षेत्री जाणाऱ्या भाविकांनी पुढीलपैकी निदान एक नियम वर्षभरासाठी घ्यावा :

१. नदी, कुंड वा विहिरीत निर्माल्य व प्लास्टिक टाकू नये. साबण लावून स्नान करू नये.

२. तीर्थक्षेत्री व घरी नळ वाहता ठेवू नये. हातपाय धुतलेले पाणी झाडास द्यावे.

३. नवी बोअर घेण्यापूर्वी शेजारच्या विहिरींचा विचार करावा. जुन्या विहिरीचे व बोअरचे पुनर्भरण करावे.

४. पाऊस कमी झाल्यास पीक बदलावे, आणि हा विषय ग्रामसभेत मांडावा.

यांतील बहुतेक नियम मोडल्यास कोणी दंड करणार नाही. देवापुढे हात जोडून घेतलेला नियम पाळणे, एवढेच भाविकाच्या हाती आहे. आणि तेवढेच पुरेसे आहे.

॥ शुभं भवतु ॥