धुरातल्या माणसाचा ठावठिकाणा

प्रश्न : मॉलमध्ये आपण कुठे उभे आहोत ते मोबाइल बऱ्यापैकी दाखवतो. मग आगीत शिरलेला अग्निशमन जवान नेमका कुठे आहे, हे बाहेर उभ्या अधिकाऱ्याला का कळत नाही?

उत्तर : मॉलमधला तो निळा ठिपका बहुतेक वाय-फायच्या भरवशावर असतो. आग लागली की आधी वीज तोडतात, म्हणजे वाय-फाय गेलेच. उरला जीपीएस. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर. त्यांचा संदेश मोकळ्या मैदानातही अगदी क्षीण असतो. स्लॅब आणि सळयांमधून तो आत पोचणे कठीणच.

याची किंमत ३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतल्या वूस्टर शहराने मोजली. जुने, जवळजवळ बिनखिडक्यांचे शीतगृह पेटले. आत बेघर माणसे असतील म्हणून जवान शोधायला शिरले. दोघे धुरात वाट चुकले, पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपत आली. आपण हरवलो आहोत हे त्यांनी वायरलेसवर कळवले, पण कुठे आहोत ते त्यांना सांगता येईना. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. त्यानंतर त्याच शहरातल्या वूस्टर पॉलिटेक्निक संस्थेने जवानांचा ठावठिकाणा शोधणाऱ्या यंत्रणेवर संशोधन हाती घेतले.

एक उपाय बुटात बसतो. बुटातला संवेदक प्रत्येक पावलाचे त्वरण (म्हणजे वेगातला बदल) आणि वळण मोजून वाटचाल जुळवत जातो. अडचण अशी, की त्वरणाच्या मापात दर सेकंदाला, सेकंदाला एक सेंटिमीटर एवढी चूक कायम राहिली, तर मिनिटाभरात ठिकाण १८ मीटर चुकते! पण चालताना पाऊल क्षणभर जमिनीवर स्थिर टेकते. त्या क्षणी वेग शून्य असणार, हे यंत्राला ठाऊक असते. तेवढ्यात ते साचलेली चूक पुसून घेते. मला ही युक्ती फार आवडते. मात्र धुरात जवान चालत नाही, गुडघ्यांवर रांगतो, आणि मग हा हिशेबही डळमळतो.

नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ‘पॉइंटर’ नावाच्या यंत्रणेत भिंती सहज ओलांडणारे, कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र वापरते. मजला ओळखायला हवेचा दाबही उपयोगी पडतो. एक मीटर वर गेले की तो सुमारे १२ पास्कलने उतरतो, पण आगीची उष्णता त्यातही घोळ घालते. म्हणून दोर धरून किंवा भिंतीला हात लावून पुढे सरकण्याची जुनी शिस्त अजून सोडता येत नाही.

वूस्टरमध्ये ज्यांच्यासाठी जवान आत गेले, ती माणसे आधीच बाहेर पडली होती. आगीतून सुटलात तर परस्पर निघून जाऊ नका. बंबाजवळच्या अधिकाऱ्याला गाठा. आपण बाहेर आलो आहोत आणि आत कोण, कितव्या मजल्यावर आहे, ते सांगा.